हरसुलात बसून तेलतज्ज्ञ कसे व्हावे

तेल, नैसर्गिक वायू आणि समुद्रातली पवनऊर्जा ह्या तीन विषयांवर अधिकारवाणीने बोलायला समुद्र पाहिलेला असावा लागत नाही. न पाहिलेला बरा. पाहिला की शंका येतात. म्हणून त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हरसूल ह्या विद्येसाठी मला फार सोयीचं वाटतं. चहूकडे डोंगर, भात-नागली-वरईची खाचरं, पावसाळ्यात नको म्हणेपर्यंत पाणी, आणि तेलाची विहीर औषधालाही नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर दमणचा किनारा इथून साठ-सत्तर किलोमीटरच भरतो. इथल्या ओहोळांचं पाणी दमणगंगेतून त्याच समुद्रात जातं. म्हणजे समुद्राशी नातं आहे, पण ओळखपाळख नाही. तज्ज्ञाला एवढं पुरतं.

साहित्य फारसं लागत नाही. एक मोबाइल, रेंज मिळेल तिथे जाऊन उभं राहायची तयारी, एक रुपयाची एक कोरी नोट (ती कशाला, ते पुढे येईल) आणि दोन चहांचे पैसे. दुसरा चहा श्रोत्याचा. फुकटचा चहा पिणारा श्रोता मधेच उठून जात नाही.

पाठ पहिला : बैठक

नाशिकची एसटी आणि काळी-पिवळी जीप दोन्ही दिसतील असं बाकडं धरा. दिवस आठवडे बाजाराचा. त्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं येतात, बायका भाजी आणि सुकट घेऊन बसतात, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून परतलेली पोरं नवे शर्ट घालून हिंडतात, आणि कोणालाही कुठे जायची घाई नसते.

पहिले काही आठवडे जीपवाल्यासमोर मात्र तोंड उघडू नका. डिझेलचा भाव त्याला पैशासकट पाठ असतो. गिरणाऱ्यापर्यंत किती जातं, वाघेरा घाट चढताना किती जास्तीचं लागतं, टपावर दोन पोती भात आणि एक बकरी असली तर किती, हा हिशेब त्याने कधी कागदावर मांडलेला नाही आणि तो कधी चुकलेलाही नाही. अशा माणसापुढे ‘जागतिक मागणी-पुरवठ्याचं समीकरण’ वगैरे सुरू केलंत तर तो नुसतं विचारेल, ‘मग भाडं उतरवू का चढवू?’ नवशिक्याकडे ह्याचं उत्तर नसतं. मुरलेल्या तज्ज्ञाकडेही नसतं, पण त्याला विषय बदलता येतो.

दुसरी सूचना किराणा दुकानाबद्दल. आडबाजूच्या पाड्यावर पेट्रोल फळीवरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतून मिळतं, पंपापेक्षा दहा-वीस रुपये चढ्या दराने. कायद्यात ते बसत नाही. पण रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला निघालेली मोटारसायकल त्याच बाटलीवर चालते. तेव्हा ह्या विषयावर तज्ज्ञाने मत देऊ नये.

पाठ दुसरा : पाठ करायचे आकडे

एका बॅरलमध्ये साधारण १५९ लिटर. एवढा एक आकडा तोंडपाठ केलात की निम्मं काम झालं. तज्ज्ञ लिटरमध्ये बोलत नाही, आणि समोरच्याला तोंडी १५९ ने भागता येत नाही.

त्यानंतर ब्रेंट. ‘ब्रेंट आज जरा नरम आहे’, एवढं वाक्य चहाचा पहिला घोट घेण्याआधी टाका. कोणी विचारलं तर सांगा, की ब्रिटन-नॉर्वेच्या मधल्या उत्तर समुद्रात ह्या नावाचं तेलक्षेत्र होतं. शेल कंपनी आपल्या तिथल्या क्षेत्रांना समुद्रपक्ष्यांची नावं देई. ब्रेंट हा हंसाच्या जातीतला पक्षी. ते क्षेत्र आटून बंदही झालं, पण जगातल्या बहुतेक तेलाचा भाव अजून त्याच्या नावाने सांगतात. मेलेल्या माणसाच्या नावावरचा सातबारा इतकी वर्षं कसा चालतो, असं कोणी विचारलंच, तर तलाठ्याकडे बोट दाखवा.

खरा हुकमी एक्का २० एप्रिल २०२० हा. कोरोनात जग घरात बसलं, तेलाच्या टाक्या भरून वाहायला आल्या, आणि अमेरिकेतल्या तेलाचा वायदा बॅरलला शून्याच्या खाली ३७ डॉलरवर गेला. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. हे सांगितलंत की बाकड्यावर शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतोच, ‘तवा आपल्या पंपावर काय भाव व्हता?’

इथे विषय बदलू नका, उत्तर पाठ करा. भाव उतरला नव्हता. त्याच मार्च आणि मे महिन्यांत केंद्राने उत्पादन शुल्क वाढवून स्वस्ताई आपल्या तिजोरीत वळवली. पेट्रोलचा भाव २०१० पासून आणि डिझेलचा २०१४ पासून बाजारावर सोडलेला आहे, आणि जून २०१७ पासून तो नियमाने दररोज बदलतो. नियमाने. महाराष्ट्रात जुलै २०२२ मध्ये राज्याने कर कमी केला तेव्हा तो उतरला, आणि त्यानंतर मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे जवळपास वीस महिने, सुट्या पैशांपलीकडे हलला नाही. ह्या काळात ब्रेंट शंभरावरूनही फिरून आलं आणि पार सत्तरीच्या घरातही गेलं. मग लोकसभा निवडणूक तोंडावर आली आणि लिटरमागे दोन रुपये उतरले. तज्ज्ञाने निवडणुकीचा उल्लेख करू नये. नुसत्या तारखा सांगाव्यात आणि चहा फुंकत बसावं.

पाठ तिसरा : होर्मुझ

इराण आणि ओमान ह्यांच्यामधली ही समुद्राची चिंचोळी वाट, सगळ्यात अरुंद जागी ३३ किलोमीटर. जगात रोज जळणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा आजवर ह्या वाटेने जात आला आहे, आणि भारतात येणारा बहुतेक स्वयंपाकाचा गॅसही.

हे समजवायला ग्लोब लागत नाही. श्रावणात वाघेरा घाटात ऐन वळणावर एक ट्रक आडवा पडला की काय होतं ते इथे प्रत्येकाने भोगलेलं आहे. ह्या बाजूला जिपा, त्या बाजूला एसटी, मधे धुकं. ट्रकमध्ये कोणाचा माल होता ह्याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं, पण त्या दिवशी बाजारात टोमॅटो महागतात. होर्मुझ तेवढंच. फरक एवढाच की तिथे ट्रक आडवा पडण्याची नुसती आवई उठली तरी टोमॅटो महागतात.

उदाहरण हवं तर जून २०२५ चं द्या. १३ तारखेला इस्रायलने इराणवर हल्ला केला, २२ ला अमेरिकेने बॉम्ब टाकले, इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. ब्रेंट सत्तरच्या खालून ऐंशीवर गेलं. वाट काही त्या वेळी बंद झाली नाही, शस्त्रसंधी झाली आणि भाव होता तिथे परत आला. तेवढ्या बारा दिवसांत देशातल्या प्रत्येक नाक्यावर किमान एक तज्ज्ञ तयार झाला. तुम्ही तेव्हा आवणीच्या तयारीत असाल तर ती संधी हुकली. पण ह्या विद्येत संधी वारंवार येतात.

रशियाचंही थोडं पाठ असू द्या. २०२२ च्या युद्धाआधी भारत रशियाकडून जेमतेम दोन टक्के तेल घेई. पुढे ते तिसऱ्या हिश्शाच्या वर गेलं, कारण ते सवलतीत मिळू लागलं. त्यावर चिडून अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क बसवलं. सवलत कोणाच्या खिशात गेली, हा प्रश्न जीपवाला विचारेल. त्याला दुसरा चहा सांगा.

पाठ चौथा : आपली विहीर

आता खिशातली एक रुपयाची नोट काढा आणि उलटी करा. समुद्रात उभं असलेलं, पायांचं, मनोऱ्याचं एक यंत्र दिसेल. ते ‘सागर सम्राट’. जपानमध्ये बांधलेल्या ह्या तेलफलाटाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला समुद्राच्या तळाला भोक पाडलं आणि बॉम्बे हाय सापडलं. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, तेल निघू लागलं. लग्नाच्या आहेराच्या पाकिटात घालून आपण हे यंत्र वर्षानुवर्षं एकमेकांना देत आलो आहोत आणि कोणी उलटं करून पाहिलेलं नाही. नोट दाखवताच तुमचा दबदबा बसेल. नोट परत घ्यायला विसरू नका.

एके काळी ह्या क्षेत्रातून दिवसाला चार लाख बॅरलच्या वर तेल निघे. आता त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ओएनजीसी ह्या सरकारी तेलकंपनीने जानेवारी २०२५ मध्ये बीपी ह्या ब्रिटिश कंपनीला तंत्रसाहाय्यासाठी घेतलं. दहा वर्षांत तेल-गॅसचं उत्पादन साठ टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, असं बीपीचं म्हणणं. पुढच्याच महिन्यात ह्या बीपीने जाहीर केलं, की आपण हरित ऊर्जेत फार घाईने शिरलो, आता पुन्हा तेल आणि गॅसवर भर देणार. ह्या दोन बातम्या एका दमात सांगितल्यात तर मास्तरसुद्धा मान डोलावतील.

मात्र ह्या पाठात एक जागा अशी आहे की जिथे तज्ज्ञगिरी बाजूला ठेवावी. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली हे सगळ्यांना आठवतं. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, बॉम्बे हायवर काय झालं ते फार थोड्यांना आठवतं. ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली. वादळी हवेत हेलिकॉप्टर उडत नव्हती, म्हणून त्याला उपचारासाठी फलाटावर घ्यायला जहाज जवळ आणलं. लाटेने ते फलाटावर आदळलं, गॅसची नळी फुटली, आणि अख्खा फलाट दोन तासांत जळून गेला. २२ माणसं गेली. पुढे १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, बहुतेक कंत्राटी कामगार: वेल्डर, फिटर, रंगारी, आचारी. तो बार्ज आणि ‘वरप्रदा’ हा टग मिळून ऐंशीहून अधिक जीव गेले. वादळाचा इशारा आधी आलेला होता. आपल्याकडची पोरं ज्या भरवशावर मुकादमाच्या गाडीत चढतात, त्याच भरवशावर ती माणसं बार्जवर चढली होती. ब्रेंटच्या भावात हा खर्च कुठे धरतात ते मला सापडलेलं नाही.

पाठ पाचवा : पानेवाडी

दूरची नावं फेकून झाली की जवळचं एक नाव टाका. नाशिककराला होर्मुझपेक्षा पानेवाडी जास्त बाधते. नांदगाव तालुक्यात, मनमाडच्या शेजारी हे गाव आहे आणि तिथे तेलकंपन्यांचे मोठे साठे आहेत. मुंबईच्या माहुलच्या रिफायनरीतून जमिनीखालच्या नळीने माल मनमाडला येतो आणि तीच नळी पुढे इंदूरकडून दिल्लीतल्या बिजवासनपर्यंत जाते.

गंमत अशी, की एकाच नळीतून पेट्रोलही जातं आणि डिझेलही; आधी एक, त्याच्या शेपटीला दुसरं. दोघांची गाठ पडते तिथे थोडा माल मिसळतो. पानेवाडीसारख्या ठिकाणी बसलेला माणूस घनता मोजत राहतो आणि तेवढा मिसळलेला भाग वेगळा काढतो. उरलेलं टाक्यांत, टाक्यांतून टँकरमध्ये. म्हणजे हरसूलच्या मोटारसायकलीतलं पेट्रोल मुंबईहून निघून नाशिक ओलांडत मनमाडपर्यंत पुढे जातं, आणि टँकरमध्ये बसून नाशिककडे मागे येतं. एसटीतून चुकून पुढच्या थांब्यावर उतरलेल्या माणसाने एवढ्या शांतपणे हे केलं नसतं.

१ जानेवारी २०२४ ची आठवण काढा. अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या कायद्यात आली, देशभर चालक भडकले, आणि पानेवाडीत टँकर उभे राहिले. दोन दिवसांत नाशिकच्या पंपांवर ‘पेट्रोल नाही’ अशा पाट्या लागल्या आणि रांगा रस्त्यापर्यंत आल्या. आखातात सगळं आलबेल होतं. ब्रेंट स्थिर होतं. एकाही विश्लेषकाने टँकरच्या चालकाचा पगार आणि त्याची झोप ह्यांचा तक्ता काढलेला नव्हता.

ह्याच मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांना भररस्त्यात जिवंत जाळलं. त्यांनी इंधनभेसळ करणाऱ्यांना रंगेहाथ पकडलं होतं. तेव्हा रेशनचं रॉकेल अतिशय स्वस्त आणि डिझेल महाग. दोन भावांमधली तफावत कोणाचा तरी धंदा झाली होती, आणि पाड्यावरच्या चिमणीत जे रॉकेल जायचं ते ट्रकच्या टाकीत जात होतं. हा प्रसंग बाकड्यावर सांगायचा असेल तर नीट सांगा, नाहीतर सांगू नका.

पाठ सहावा : कोकणातलं काही

थोडक्यात आटपा, कारण इथे भांडणं होतात. रत्नागिरी जिल्ह्यात नाणारला वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणारी रिफायनरी होणार होती, सौदी अराम्को आणि अबूधाबीची कंपनी भागीदार म्हणून आल्या, विरोध पेटला, मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग रिफायनरीसाठी बारसूचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये माती तपासायला यंत्रं आली तेव्हा बायका उन्हात सड्यावर आडव्या झाल्या. कोणाची बाजू घ्यायची हे आधी चहाचे पैसे कोण देतंय ते पाहून ठरवा. ज्याची जमीन धरणात गेली आहे असा माणूस बाकड्यावर असेल, तर गप्प बसा आणि ऐका. ह्या विषयात तो तुमच्यापेक्षा पुढे आहे.

दाभोळचंही एक वाक्य ठेवा. एन्रॉन कंपनी बुडाली तरी तिथलं गॅस उतरवायचं बंदर राहिलं, २०१३ मध्ये सुरूही झालं, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने कित्येक वर्षं ते पावसाळ्यात बंद ठेवावं लागे. हजारो कोटींचं बंदर पावसाने बंद, हे ऐकून इथल्या माणसाला आश्चर्य वाटत नाही. त्याची शाळाही पावसाने बंद असते.

पाठ सातवा : समुद्रातला वारा

हा पाठ अवघड. श्रोत्यांनी धुळ्याकडे साक्रीच्या डोंगरावरच्या, नाहीतर साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहिलेल्या असतात. ‘तसल्याच, पण समुद्रात’, एवढं सांगून सुरुवात करा. समुद्रातला वारा जास्त वेगाचा आणि जास्त सलग, शिवाय तिथे जमिनीचा मोबदला मागायला कोणी येत नाही. मासेमारी करणारे येतात, पण त्यांचं नाव अहवालात शेवटच्या प्रकरणात असतं.

इतिहास सोपा आहे. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला ११ पवनचक्क्या समुद्रात रोवल्या. सगळ्या मिळून ५ मेगावॉट. २०१७ मध्ये त्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून काढल्यासुद्धा. म्हणजे त्यांनी लावल्या, चालवल्या, पाव शतक वीज घेतली आणि उतरवून ठेवल्या. तेवढ्या काळात आपलं फक्त धोरण आखून झालं होतं.

आपलं धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये खंभातच्या आखातात, पिपावावजवळ, वारा मोजायचं यंत्र बसवलं. २०१८ मध्ये हजार मेगावॉटसाठी इच्छुकांना विचारणा झाली, आणि २०३० पर्यंत ३० गिगावॉट असं लक्ष्य जाहीर झालं. (गिगावॉट हा शब्द सावकाश उच्चारा. मेगावॉट म्हणणारा माणूस अजून वायरमनच वाटतो.) जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली: ५०० मेगावॉट गुजरातच्या समुद्रात, ५०० तमिळनाडूच्या. निविदा निघाली. मुदतवाढ झाली. पुन्हा मुदतवाढ झाली. २०२५ मध्ये प्रतिसादाअभावी रद्द झाली. त्या वर्षअखेरीस भारताच्या समुद्रात वीज विकणारी एकही पवनचक्की नव्हती. महाराष्ट्राच्या समुद्राचं तर यादीत नावच पहिल्या रांगेत नाही. पसंती खंभात आणि मन्नारच्या आखाताला.

श्रोत्याने ‘मग ह्यात सांगण्यासारखं काय आहे?’ असं विचारलं, तर घाबरू नका. सांगा, की जगातही वारा पडलेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द डेन्मार्कने समुद्रातल्या ३ गिगावॉटचा लिलाव मांडला आणि एकही बोली आली नाही. पोलाद महागलं, व्याज महागलं, चक्क्या इतक्या मोठ्या झाल्या की त्या रोवणारी जहाजं कमी पडू लागली. अमेरिकेत ट्रम्प ह्यांनी २० जानेवारी २०२५ ला, पदावर बसल्या दिवशीच, समुद्रातल्या नव्या पवनप्रकल्पांसाठी जागा देणं थांबवलं. ऑगस्टमध्ये तर ‘रिव्होल्यूशन विंड’ हा बहुतांश उभा राहिलेला प्रकल्प मधेच रोखला. महिन्याभरात न्यायालयाने काम पुन्हा सुरू करून दिलं. तो ज्या ऑर्स्टेड कंपनीचा, तिचं जुनं नाव डाँग, म्हणजे डॅनिश तेल आणि नैसर्गिक वायू. तेल-गॅसचा धंदा विकून २०१७ मध्ये तिने नाव बदललं, वाऱ्यावर मोठी झाली, आणि २०२५ मध्ये तिला भागधारकांपुढे पैशासाठी हात पसरावा लागला. बीपी वाऱ्याकडून तेलाकडे परतली, ही तेलाकडून वाऱ्याकडे गेली, दोघींनाही घाम फुटला. चीन मात्र कोणाला न विचारता समुद्रात चक्क्या रोवतच आहे, आणि ह्या बाबतीत जगात पहिला आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर समुद्रातली वीज आपल्याकडे येईल, पण निविदेच्या भाषेत ‘प्रतिसाद’ म्हणजे काय हे ठरवणाऱ्या लोकांनी एकदा तरी समुद्रात लोखंड उभं करणाऱ्यांबरोबर बसायला हवं. बॉम्बे हायवर ती माणसं पन्नास वर्षं आहेत.

पाठ आठवा : परीक्षा

परीक्षा बाकड्यावर होत नाही. ती घरी, ओट्याजवळ होते, आणि परीक्षक बहुधा वहिनी असतात. प्रश्न एकच: ‘टाकी कधी येणार?’

इथे ब्रेंट चालत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा भाव ब्रेंटवर ठरतच नाही मुळी. दर महिन्याला सौदी अराम्को प्रोपेन आणि ब्युटेनचा भाव लावते आणि त्यावर आपली टाकी हलते. देशात जळणाऱ्या ह्या गॅसपैकी साधारण साठ टक्के बाहेरून येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या सरकारी कंपन्यांनी २०२६ सालासाठी अमेरिकेकडून २२ लाख टन गॅस घेण्याचा करार केला, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकाठचा गॅस आता इकडच्या भाकरीखाली पेटणार. शहरात नळाने गॅस देण्यासाठी नाशिक, धुळे आणि गुजरातमधलं वलसाड मिळून एकच क्षेत्र एका कंपनीला दिलेलं आहे. हरसूल नकाशावर त्या क्षेत्राच्या मधोमध येतं. नळ यायला नकाशापेक्षा थोडं जास्त काही लागतं.

तोवर टाकीच. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि आज दहा कोटींहून अधिक जोडण्या आहेत. पण सरकारचाच आकडा सांगतो, की २०२४-२५ मध्ये उज्ज्वलाचं कुटुंब वर्षाला सरासरी साडेचार टाक्या घेत होतं. केंद्र टाकीमागे ३०० रुपये खात्यात टाकतं, राज्याने २०२४ मध्ये वर्षाला तीन टाक्या मोफत देणारी अन्नपूर्णा योजना आणली. तरी आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात, सवलत मागाहून येते, आणि मजुरी ज्या दिवशी हातात येते त्या दिवशी टाकीची गाडी पाड्यावर येतेच असं नाही. म्हणून शेगडी चहाला आणि पाहुण्यांना. भात, डाळ, नागलीची भाकर चुलीवर. दिवाळीनंतर भात झोडून झाला की बायका सरपणाला निघतात. डोक्यावरची मोळी सहज वीस-पंचवीस किलोची असते. तिचा भाव कुठल्याही बाजारात लागत नाही, म्हणून ती ऊर्जेच्या आकडेवारीत फार मागे बसते.

ह्या परीक्षेत आजवर कोणी पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाल्याचं ऐकिवात नाही. पण नापास व्हायचं नसेल तर एवढं शिकून घ्या, आणि शेजारच्या चार घरांनाही शिकवा. टाकी घेताना तिच्या वरच्या कड्याच्या पट्ट्यांकडे पाहा. एकीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, पंधरा-सोळा किलोच्या आसपास. त्यात १४.२ किलो मिळवा आणि गाडीवाल्याला काट्यावर ठेवायला सांगा. काटा ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. दुसऱ्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी असं अक्षर आणि पुढे सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. त्या मुदतीनंतर टाकीची तपासणी व्हायला हवी, मुदत उलटलेली टाकी घेऊ नका. झाकण काढून आतली रबरी चकती जागेवर आहे का ते बघा. टाकी स्वतः गोदामातून उचलून आणत असाल तर घरपोच पोचवण्याचे पैसे बिलातून वजा करून मागा, ते वजा होतात. आणि गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, बंदही करू नका. खिडक्या उघडून बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा. रेंज नसेल तर रेंज असलेल्या बाकड्यापर्यंत पळा. तिथे बसलेल्या तज्ज्ञाचा मोबाइल ह्या कामी यावा.